शंकेभोवतीची चौकट

४ फेब्रुवारी

ठकूबाई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावली असशील तर रागाव, इतक्या लांबून मला काही ऐकू येत नाही.

पुलांच्या इतिहासाचा पहिला खंड हातावेगळा केला. पुस्तकाच्या शेवटी जोडायची नावांची सूची प्रकाशकाकडे गेली, त्यांनी चक्क एक चूक सोडता जशीच्या तशी स्वीकारली, आणि ती चूकही लेखकाचीच निघाली. आता दुसरा खंड टेबलावर आहे, उशीएवढा जाड. ह्यात दोन भाऊ आहेत, दोघेही पूल बांधणारे, आणि लेखकाने दोघांना नुसत्या आडनावाने हाक मारून माझ्यावर सूड उगवलाय. कुठला पूल थोरल्याचा आणि कुठला धाकट्याचा, हे ठरवता ठरवता माझ्या निम्म्या नोंदी शंकेच्या झाल्या आहेत.

आणि खरी गोम तिथेच आहे. तू माझ्यासाठी केलेली थीम तुला आठवते ना? काळ्या पडद्यावर नावं पिवळी, पानांचे आकडे पांढरे, शंका लाल. इतकी वर्षं मी तुझ्या 'पाटी'तच सूच्या लिहिल्या, टाइप करायच्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरला शिवलो नाही, ते ह्या रंगांच्या जिवावर. गेल्या आठवड्यात एका पानावर एकही शंका दिसेना. मी खूश. मग तुझी वहिनी डोकावली आणि म्हणाली, "अहो, हे लाल एवढं का केलंय?" लाल होतं, ठकू. मला ते काळ्यात बुडालेलं दिसत होतं.

डॉक्टर म्हणतात नजरेचा मधला भाग झिजत चाललाय, कडा शाबूत आहेत. आधी लाल जाईल, मग बाकीचे रंग फिके पडतील, पुढे कधीतरी पांढरं धुकं येईल. केव्हा, ते त्यांना सांगता येत नाही. मला फक्त हा खंड स्वतःच्या डोळ्यांनी पुरा करायचाय. त्यानंतर धुक्याला खुशाल येऊ दे.

तर विचारायचं एवढंच: शंका रंगाशिवाय दाखवता येईल का? काहीतरी आकाराचं, कडेच्या नजरेलाही जाणवेल असं. तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग, मी काही रुसून बसणार नाही.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

दादा,

डोळ्यांबद्दल इतक्या उशिरा आणि तेही दोन भावांच्या विनोदाच्या आडोशाने सांगतोस? वहिनीने तुला सोडलं कसं?

बरं, आता कामाचं. आजवर थीमच्या फाइलीत मला दोनच गोष्टी लिहिता येत होत्या: अक्षराचा रंग आणि मागचा रंग. मी आणखी तीन घालतेय. अक्षराची जाडी, खालची रेघ (साधी, दुहेरी किंवा लाटेसारखी), आणि भोवती चौकट. म्हणजे तुझी शंका जाड अक्षरात, खाली दुहेरी रेघ आणि चहूबाजूंनी चौकट अशी येईल. रंग गेला चुलीत. ही चौकट कोपऱ्यातूनही जाणवेल, मी डोळे अर्धे मिटून बघितलं.

आमच्या ऑफिसात माझ्या समोर जो बसतो त्याला मी खडूस म्हणते, तो नावाला जागतो. त्याने लगेच विचारलं, "आणि जुन्या पाट्यांचं काय?" कारण जुन्या पाटीत तो कडक नियम आहे: थीममध्ये एक जरी अनोळखी शब्द आला तर सगळी थीम नाकारायची आणि साधा पडदा दाखवायचा. तो नियम कोणाच्या हट्टाने आला ते तुला माहीत आहेच. "अर्धवट रंगण्यापेक्षा न रंगलेलं बरं, सूचीत एक नोंद फसवी निघाली की बाकीच्यांवरचा विश्वास उडतो," असं म्हणून तू माझं डोकं खाल्लं होतंस. नव्या पाटीत मी तो सैल केलाय. कळलं तेवढं घ्यायचं, न कळलेलं सोडून पुढे जायचं.

मी खडूसला म्हटलं, जुनी पाटी आता वापरतो कोण? तुलासुद्धा मी नवं यंत्र पाठवलं आणि ते छान चालतंय. खडूसने मान हलवली, पण त्याची मान नेहमीच हलते.

फाइल तयार झाली की धाडते. जुन्या फाइलीच्या जागीच ठेव, नाव तेच आहे.

तुझी,
ठकू


२ मार्च

ठकू,

फाइल पोचली. तू सांगितलंस तिथेच ठेवली.

फारच सुंदर झालंय. जाड अक्षर भारदस्त वाटतं. आणि ती शंकेभोवतीची चौकट, तिला तर तोडच नाही, अगदी ठसठशीत. थोरला कुठला आणि धाकटा कुठला, आता लपायची सोय राहिली नाही. खडूसला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, बहिणीने नाव काढलं.

हात जरा दुखतोय म्हणून थोडक्यात आटपतो.

दादा


२० मार्च

दादा,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. लाजू नकोस, तुझ्या डोळ्यांचं काही वाचलं नाही, कौतुक तेवढं वाचलं. आमच्या बाई, म्हणजे आमच्या वरिष्ठ, म्हणाल्या, ज्याच्यासाठी केलं त्यालाच पसंत पडलं तर मग थांबायचं कशाला? म्हणून नव्या शब्दांच्या थीमा आम्ही सगळ्यांसाठी खुल्या करतोय. थोडी साफसफाई झाली की पुढच्या महिन्यात निघतील.

इतके दिवस ह्या ऑफिसात मी केलेलं काही कोणाच्या उपयोगी पडतंय का, असा प्रश्न मला पडायचा. आता पडत नाही, आणि ह्याचं श्रेय तुला आहे.

दुसऱ्या खंडाचं कुठवर आलं? भावांचा निकाल लागला का? हात दुखतोय तर टाइप करू नकोस, वहिनीला दोन ओळी लिहायला सांग. ती निदान खरं लिहिते.

ठकू


८ एप्रिल

ठकू,

दुसरा खंड प्रकाशकाला परत पाठवला. कंटाळा आला म्हण. पूल बघून बघून माणूस किती बघणार? त्यांनी दुसरा कोणी सूचीकार शोधलाय, चांगला आहे म्हणतात. वहिनीला मी सांगितलंय की काम संपलं. तू तिला काही बोलू नकोस.

तुझ्या थीमा निघाल्या का? निघू देत. तुझं चांगलं चाललंय हे ऐकून बरं वाटतं, खरंच.

मी ठीक आहे.

दादा


३ जून

दादा,

हे पत्र मी तीनदा खोडून लिहितेय.

थीमा सगळ्यांसाठी निघाल्या, आणि आठवडा उलटला नाही तोच तक्रारी यायला लागल्या. "पडदा अचानक पांढरा झाला." "माझे रंग गेले." ही सगळी माणसं जुन्या पाटीवरची. मी समजत होते जुनी पाटी कोणी वापरत नाही. वापरतात. नवं यंत्र परवडत नाही म्हणून, जुनं हाताला बसलंय म्हणून, कोणी मरण पावलेल्या नवऱ्याचं आहे म्हणून. त्यांची पाटी थीम आपण होऊन आमच्याकडून उचलते, त्यात 'चौकट', 'जाडी' असले शब्द बघते, घाबरते आणि सगळंच टाकून देते. मी त्यांना कळवलं, नवी पाटी घ्या. ती त्यांच्या यंत्रावर चढत नाही.

आणि मला काहीच करता येत नाही, दादा. नव्या पाटीत मी हवं ते बदलीन. पण जी लोकांच्या घरी जाऊन बसली तिच्या आत मला आता बोटसुद्धा घालता येत नाही. इतक्या वर्षांपूर्वी तिला जे शिकवलं तेच ती करत राहणार. अगदी इमानदारीने करणार.

खडूस माझ्या शेजारी बसून तक्रारींना उत्तरं लिहितोय. त्याने 'सांगितलं होतं ना' म्हणून ऐकवायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मग काल मी उजळणी म्हणून सगळ्या फाइली पहिल्यापासून तपासल्या. तुला पाठवलेलीही. ती पाठवायच्या आदल्या दिवशी चौकटीने अक्षरं कापली जात होती, म्हणून मी चौकट काढून टाकली होती. जाडी आणि दुहेरी रेघ तेवढी ठेवली. तुला कळवायचं राहून गेलं. म्हटलं, बघितल्यावर विचारशीलच.

तुला पाठवलेल्या फाइलीत चौकट नव्हतीच, दादा. आणि तू लिहिलंस ठसठशीत.

तू काय बघितलंस? तू कुठल्या यंत्रावर बसतोस? खरं सांग. मी रडणार नाही, किंवा रडले तरी तुला इतक्या लांबून ऐकू येणार नाही.

ठकू


१० जून

ठकू,

तुझं पत्र वहिनीने वाचून दाखवलं. मार्चपासून "डोळे जरा दमलेत, तूच वाच," असं सांगून तुझी पत्रं तिच्याच हाती देतो. सुरुवातीला ती भराभर वाचत होती. चौकटीच्या ओळीशी आल्यावर थांबली. मग उठली आणि माझ्या खोलीत गेली.

मी आत पोचेपर्यंत तिने पडदा चालू केला होता. म्हणाली, "अहो, हा तर पांढरा आहे. पांढऱ्यावर राखाडी. मलासुद्धा वाचता येत नाहीये!"

मी विचारलं, "तुलासुद्धा?"

आता सगळं सांगतो. तू पाठवलेलं यंत्र मी वापरत नाही. कधीच वापरलं नाही. त्याच्या पडद्याचा काळा रंग काळा नसतो, मागून उजेड झिरपतो आणि माझ्या डोळ्यांना धार लागते. शिवाय त्याच्या कळा सपाट, बोटाला खूण सापडत नाही. ते वहिनी वापरते, तिच्या औषधाच्या दुकानातल्या मागण्या त्याच्यावरून जातात. तू एवढ्या हौसेने पाठवलेलं, म्हणून मी 'छान' म्हणून मोकळा झालो. तू काहीही दिलंस की माझ्या तोंडून 'छान'च निघतं, लहानपणी तू केलेल्या मातीच्या घोड्यालाही मी छान म्हटलं होतं आणि त्याला पाचवा पाय होता.

तर जुन्याच यंत्रावर तुझी फाइल ठेवली, पाटी उघडली, आणि समोर पांढरंफेक. डोळ्यांत भसकन उजेड. अक्षरं कुठेतरी धुरासारखी. डॉक्टरांनी सांगितलेलं धुकं ते हेच, असं मी धरून चाललो. तुझी फाइल चुकेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही. ठकूने केलंय म्हणजे बरोबरच असणार, दिसत नाही म्हणजे डोळेच गेले.

भिंत, खिडकी, वहिनीचा पदर, सगळं आधी होतं तसंच होतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी इतका घाबरलो होतो की दुसरीकडे कुठे बघितलंच नाही. कोणाला विचारावं तर विचारल्यावर ते खरं ठरणार. म्हणून पडदा बंद केला आणि तुझ्या आधीच्या पत्रातलं वर्णन आठवून आठवून तुला कौतुक लिहिलं. जाड अक्षर, चौकट, सगळं तुझंच तुला परत. तू खूश झालीस, म्हटलं निदान एवढं तरी झालं. तेव्हापासून पडदा बंद ठेवूनच टाइप करतो, बोटांना कळा पाठ आहेत. आणि दुसरा खंड परत पाठवला तो ह्यामुळे. पुलांचा कंटाळा मला मेल्यावर येईल.

अनोळखी शब्द दिसला की सगळंच नाकारायचं, हे त्या पाटीने माझ्याकडूनच उचललंय. तिला बोल लावू नकोस.

पण अगं, डोळे गेलेले नाहीत! वहिनीलाही तो पडदा वाचता येत नव्हता! मी काल प्रकाशकांना फोन केला. दुसऱ्या सूचीकाराने दोन भावांपाशी हात टेकलेत. उद्या सांगाल तर उद्या खंड पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, पाठवा.

माझी जुनी थीम मला परत धाड. लवकर.

दादा


१४ जून

दादा,

तुझ्यावर चिडायचं आहे, पण आत्ता वेळ नाही. ते मी जन्मभर पुरवून पुरवून करीन.

तुझी जुनी फाइल ह्याबरोबर आहे, एकही अक्षर न बदललेली.

शिवाय खडूसने आणि मी मिळून तोड काढली, सगळ्यांसाठी. जुन्या फाइलीत जुनेच शब्द ठेवायचे, रंग आणि मागचा रंग, बस. नवे शब्द शेजारच्या वेगळ्या फाइलीत घालायचे, जिच्याकडे जुनी पाटी ढुंकूनही बघत नाही. नवी पाटी दोन्ही वाचते. म्हणजे जुन्याला जुनं दिसतं, नव्याला नवं, कोणाचा पडदा पांढरा होत नाही. आधीच सुचायला हवं होतं. खडूसला सुचलं होतं म्हणे, मी ऐकलं नाही.

ती दुसरी फाइलही पाठवतेय. वहिनीच्या यंत्रावर ठेव आणि एकदा, फक्त एकदा, बघ. चौकट परत घातली आहे. आता ती अक्षरं कापत नाही.

आणि ह्या वेळी 'छान' लिहायचं नाही. दिसलं ते लिही.

ठकू


१९ जून

ठकू,

हे वहिनी लिहून घेतेय. तिच्या कंसातल्या शेऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, मी ते काढून टाक म्हटलं तरी ती काढणार नाही. (नाही काढणार.)

तुझ्या दोन्ही फाइली पोचल्या. खंडही आला, टेबलावर आहे. वहिनीने फाइल जागेवर ठेवली, मी पाटी उघडली. पांढरं गेलं. काळं आलं, अगदी माझं जुनं काळं, डोळ्यांना गार वाटणारं. मी इतका खूश झालो की वहिनीला मिठीच मारली. (मारली. दुकानातला माणूस दारात उभा होता.)

मग मी नावं दिसायची वाट बघत बसलो.

बराच वेळ बसलो. मान तिरकी करून कडेने बघितलं, जवळ गेलो, लांब गेलो. काळंच होतं. तेव्हा मागच्यासारखं करायचं नाही असं ठरवून मी वहिनीला विचारलं, पडद्यावर काय आहे? ती म्हणाली, "काळ्यावर पिवळी नावं, पांढरे आकडे, लाल शंका. तुम्ही सांगायचात तस्संच." तिला दोनदा वाचायला लावलं. तिने सगळं पान वाचलं, पुलांच्या नावांसकट.

तिच्या यंत्रावरही बसलो. डोळ्यांना धार लागली, पण उठलो नाही. तिथे चौकट आली आहे, ठकू. वहिनीने माझं बोट धरून काचेवर तिच्या कडेने फिरवलं, चारही बाजूंनी. शंकेच्या भोवती नीट बसली आहे म्हणते, अक्षर कुठेही कापलेलं नाही. (खरंच नाही. सुबक आहे.)

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, नजरेचा मधला भाग आता पुरता गेलाय, आणि ते ह्या गेल्या काही महिन्यांतच झालं. नक्की केव्हा, ते मला सांगता येत नाही, कारण मी पडदा बंद करून बसलो होतो. मार्चात मला ही पिवळी नावं दिसली असती. एप्रिलातही बहुतेक दिसली असती. हे तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण वहिनी म्हणाली तुम्ही दोघं आता एकमेकांपासून काहीही लपवायचं नाही, आणि लिहिणारी तीच आहे, माझं काय चालणार?

खंड उद्या परत जाईल. ह्या वेळी कंटाळा आला असं लिहिणार नाही.

मागच्या पत्रात तू सांगितलं होतंस, दिसलं ते लिही. तर लिहितो, वहिनीच्या साक्षीने: जुन्या यंत्रावर जुनं बरोबर उघडतं. नव्यावर नवं बरोबर उघडतं. तुझं काहीही चुकलेलं नाही. ह्या वेळी मी विचारून खात्री करून घेतली.

दादा

(ठकू, सही त्यांनी स्वतः केली आहे. कागदाबाहेर गेली, ती मी तशीच ठेवली. – वहिनी)